आधी कापड, मग कागद

मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हणजे बोथट असा अर्थ काढू नका, मित्रांनो. आजही मी सुती कापडाचे बारा थर एका दमात कापते आणि कापताना कुरकुर करत नाही. माझ्या डाव्या पात्यावर चौदा हा आकडा कोरलेला आहे आणि मुठीच्या भोकात साखळीची एकच एक कडी अडकलेली आहे. मी काम करू लागले की ती कडी टेबलावर टिकटिक वाजते. नवीन माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, ही कडी कशासाठी? त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज सगळेच सांगून टाकते.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीपाशी झाला. त्याआधी मी ट्रकच्या चाकाजवळची पोलादी पट्टी होते आणि आयुष्यभर खड्ड्यांचे धक्के खाल्लेली होते, म्हणून अंगात चिवटपणा मुळातच आहे. लोहार दोन्ही पाती वेगवेगळी घडवायचा आणि मग एकमेकांसमोर धरून उजेडात बघायचा. दोघींमध्ये केसाएवढी फट दिसली तरच तो स्क्रू बसवायचा. "पाती एकमेकींना चिकटूनच राहिली की कात्री कापड चावते, कापत नाही," असे तो बायकोला सांगायचा. "संसाराचं वेगळं काय असतं?" असे ती भाता ओढता ओढता म्हणायची. लोहार हसायचा आणि फट पुन्हा एकदा तपासायचा.

आम्ही वीस बहिणी एका खोक्यात भरून निघालो. एखाद्या मोठ्या दुकानात जाऊ, समोर आरसा असेल, रेशमी कापड पुढ्यात येईल, अशी स्वप्ने मी वाटेत रंगवली. खोके उघडले ते तुरुंगाच्या कोठारात. आमच्या नशिबी सरकारी पाहुणचार होता! एका कारकुनाने आमच्या पात्यांवर तुरुंगाचा छोटा शिक्का आणि आकडे कोरले, मुठीत साखळ्या अडकवल्या आणि आम्हाला बायकांच्या विभागातल्या शिवणखोलीत टेबलांना बांधून टाकले. मी काय गुन्हा केला होता? मला फार अपमान वाटला. पहिले सहा महिने मी फुगूनच बसले होते.

त्या खोलीची एक रीत होती, ती नीट ऐका. भिंतीवर एक मोठी फळी होती. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार लाल रंगाने काढलेला होता. कात्रीच्या जागी कात्रीचा, उसवणीच्या सुरीच्या जागी सुरीचा. संध्याकाळी घंटा झाली की आमच्या साखळ्या टेबलावरून सोडवायच्या, प्रत्येकीने आपले हत्यार आपल्या आकारावर टांगायचे, जागेवर येऊन बसायचे आणि दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरायचे. पहारेकरीण फळीवर नजर टाकायची, मग रांगेतून हात बघत जायची आणि शेवटी म्हणायची, "मोजणी पूर्ण." तोपर्यंत कोणी उठायचे नाही. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे आणून कागदावर चिकटवायचे, तेव्हाच नवी सुई मिळायची. अर्धी सुई आणली तर चालत नसे.

तिथे मला माझी बाई भेटली. शिवणखोलीत जी कापड कापते तिला मास्तर म्हणायची पद्धत होती, मग ती बाई असो की बुवा. म्हणून तीही मास्तर झाली. आल्या दिवशी मात्र तिला सरळ रेघही कापता येत नव्हती.

तिने काय केले होते ते मी लपवणार नाही, कारण तिनेही कधी लपवले नाही. घरातल्या भांडणात तिने रागाच्या भरात दिरावर तापलेली इस्त्री फेकली होती. त्याचा एक डोळा कायमचा गेला. न्यायालयाने तिला सहा वर्षांची शिक्षा दिली. "चूक माझीच. इस्त्री काही आपोआप उडाली नाही," असे ती सांगायची. तिने दिराला एक पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही, आणि त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही.

तिला शिकवायला बाहेरून एक बाई यायच्या. त्यांना सगळ्या शिवणबाई म्हणत. त्यांचा चष्मा नाकावर कमी आणि गळ्यात जास्त असायचा. त्या म्हणायच्या, "खडूची रेघ पुसता येते, कात्रीची येत नाही. काय विचार करायचा तो खडूने कर. कात्री हातात घेतली की मग विचार नाही." हे वाक्य ऐकून मास्तरने मला खाली ठेवले. मग तिने खडू उचलला. त्या दिवसापासून तिचा हात असा काही बसत गेला की तीन वर्षांत शिवणबाई तिचे काम तपासायच्या बंद झाल्या. तिच्या हातात मला पहिल्यांदा माझा रुबाब कळला. मी रुसवा सोडला तो तेव्हा.

एका संध्याकाळी सगळ्या हात पसरून बसल्या आणि पहारेकरीण फळीसमोर थबकली. चौदा नंबरचा लाल आकार रिकामा होता. मास्तरने आवराआवरीच्या गडबडीत मला टेबलाच्या कडेला ठेवले होते, माझी साखळी झिजून तुटली होती आणि मी चिंध्यांच्या टोपलीत पडले होते. चाळीस बायकांचे जेवण बाहेर गार होत होते आणि एकीलाही उठता येत नव्हते. कात्री हरवली तर मास्तरची शिक्षा वाढली असती. ती कशीबशी म्हणाली, "मला चिंध्या बघू द्या." तिने दोन टोपल्या उपसल्या आणि मी सापडले. "मोजणी पूर्ण," पहारेकरीण म्हणाली. कोणी मास्तरला बोल लावला नाही. एक म्हातारी कैदी एवढेच म्हणाली, "चल गं, आता गार तर गार. पोट तेच आहे."

तेव्हापासून मास्तरला सवय लागली. मला जागेवर टांगले की ती समोर जो असेल त्याला दोन्ही तळहात उघडून दाखवायची. ही सवय पुढे पुन्हा एकदा दिसणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

माझ्या मुठीत साखळीची एकच कडी उरली. दुसरी साखळी जोडली जाईना, म्हणून मला मोडीत काढले. मास्तरची शिक्षा संपली तेव्हा शिवणबाईंनी रीतसर चिठ्ठी घेऊन मला भंगारातून उचलले आणि दरवाज्यापाशी तिच्या हातात दिले. "घे. दोघीही सुटलात," त्या म्हणाल्या. मास्तरने त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला फडक्यात गुंडाळले.

ती तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेली. ताईचे घर दीड खोल्यांचे. मेव्हण्यांनी एक शब्द न बोलता आपली सायकल बाहेर जिन्याखाली नेऊन बांधली आणि सायकलच्या रिकाम्या जागी मास्तरची गादी पसरली. ताई बोलायची ती दोघांच्या वाटचे. तिने मला हातात घेतले आणि आकडा बघून म्हणाली, "हे आधी कानशीने घासून टाक. लोकांना कशाला आयतं बोलायला कारण द्यायचं?"

"आकडा घासला तर शिक्का घासावा लागेल. शिक्का घासला तर सहा वर्षं कुठे होते ते घासावं लागेल. किती घासत बसू, ताई?" मास्तर म्हणाली.

आणि आकडा राहिला. त्याची किंमत तिला मोजावी लागली, आणि ती माझ्यामुळे, हे मला सांगितलेच पाहिजे.

पहिल्या कारखान्यात तिच्या हाती एक फॉर्म दिला. नाव, पत्ता, आणि तिसराच प्रश्न, 'कधी शिक्षा झाली आहे का?' तिने 'हो' लिहिले. टेबलामागच्या माणसाने तिथपर्यंत वाचले आणि पुढचे वाचलेच नाही. "कळवतो," तो म्हणाला. मला कोणी फडक्यातून बाहेरसुद्धा काढले नाही. दुसरीकडेही तेच झाले, तिसरीकडेही तेच.

चौथे दुकान पडद्यांचे होते. तिथे फॉर्म नव्हता, म्हणून ती काही बोलली नाही. दहा दिवस तिने असे पडदे कापले की मालक गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचा. अकराव्या दिवशी त्याने मला कौतुकाने उचलले. "फार सुंदर कात्री आहे हो. कुठली?" असे म्हणत त्याने माझे पाते उलटे केले. शिक्का आणि आकडा त्याच्या डोळ्यांसमोर आला. तो ओरडला नाही, रागावला नाही. त्याने मला हलकेच खाली ठेवले. "माझं काही नाही," तो म्हणाला, "पण गिऱ्हाइकांना कळलं तर? उद्यापासून येऊ नका."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या पात्याची लाज वाटली. मास्तरला मात्र वेगळेच काही लागले. खरे बोलावे तर दार उघडत नाही, आणि लपवावे तर उघडलेले दार अकराव्या दिवशी बंद होते. इकडे आड, तिकडे विहीर! घरी येऊन तिने ताईला सांगितले, "यापुढे आधीच सांगणार. बसलेल्या जागेवरून उठवलं की जास्त लागतं."

असे सांगत सांगत तिने आणखी पाच दारे पाहिली. सहावे दार बायकांच्या एका शिवण संस्थेचे होते. एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर एकेचाळीस बायका मिळून काम चालवत होत्या. रुग्णालयाचे कपडे, शाळांचे गणवेश, सगळे तिथे शिवले जायचे. संस्थेच्या अध्यक्षबाई अंगाने भरभक्कम होत्या आणि टाचण्यांची उशी मनगटावर बांधूनच वावरायच्या. मास्तरने दारातच सुरुवात केली, "मी आधी एक सांगते..."

"आधी काही सांगू नकोस," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आल्या आल्या जी ती आपली कहाणी सांगते आणि मग बाही उलटी कापते. तो फॉर्मही ठेव बाजूला. हे कापड घे. यात वीस झगे बसतात, रुग्णांचे. कापून दाखव."

मास्तरने कागदी फर्मे पसरले, हलवले, फिरवले, खडूने रेघा मारल्या आणि एक पुसली. मग मला उचलले. त्या दिवशी मी कशी चालले ते मी सांगितले तर तुम्ही म्हणाल, आपल्या तोंडाने आपली आरती. पण वीस झग्यांच्या कापडात एकवीस झगे बसले आणि उरल्या चिंध्या ओंजळभर. अध्यक्षबाईंनी एकवीस पुन्हा मोजले.

"हं. आता सांग तुझी कहाणी."

मास्तरने सांगितली. इस्त्री, डोळा, सहा वर्षे, सगळी. अध्यक्षबाई टाचणी उशीत खुपसत आणि काढत राहिल्या. "मी हे आधी ऐकलं असतं तर कापड दिलं नसतं," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "बरं झालं ऐकलं नाही. उद्या आठला ये."

पण अध्यक्षबाईंच्या हातात सगळे नव्हते. संस्थेच्या नियमांत नववे कलम होते. ज्या व्यक्तीला न्यायालयाने शिक्षा केली आहे ती सभासद होऊ शकणार नाही. सभासद नाही म्हणजे मत नाही, आणि संस्थेच्या कामात एक शब्द बोलायचा अधिकार नाही. सभासद बाईला काढायचे तर सभा बोलवावी लागे. मास्तरला काढायला "उद्यापासून येऊ नकोस" एवढे तीन शब्द पुरेसे होते, आणि ते तीन शब्द तिने एकदा ऐकलेले होते. संस्थेत खिडकीखाली पेल्यांची फळी होती. प्रत्येकीचा चहाचा पेला तिथे राहायचा. मास्तर मात्र आपला पेला रोज संध्याकाळी पुसून पिशवीत टाकून घरी न्यायची. तीन वर्षे तिने तो रोज नेला आणि रोज आणला.

संस्थेत सगळ्यांत वडीलधारी बाई म्हणजे काजाच्या आजी. गुंड्यांची काजे घालण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि बोलण्यातही नव्हते. त्या मास्तरशी कामापुरते बोलायच्या. कारण होते. त्यांच्या धाकट्या मुलाला एका माणसाने मारहाण करून कायमचे लंगडे केले होते. तो माणूस शिक्षा भोगून परत त्याच गल्लीत राहायला आला होता. "रोज सकाळी त्याचं तोंड दिसतं. घास उतरत नाही घशाखाली," आजी म्हणायच्या. त्यांचे दुःख खोटे नव्हते, म्हणून मास्तरने त्यांच्या तुटकपणाचे कधी वाईट वाटून घेतले नाही. मी घेतले. पण मी कात्री आहे, मला कोण विचारतो!

एके दिवशी प्रसूती रुग्णालयाच्या प्रमुख परिचारिका एक इवलेसे झबले घेऊन जिना चढून आल्या. झबल्याच्या शिवणीत मोडक्या सुईचे टोक होते. नशिबाने ते बाळाला नाही, परिचारिकेच्या बोटाला टोचले होते. "पुन्हा एकदा असं झालं तर काम बंद," असे बजावून त्या गेल्या. एकेचाळीस घरे त्या कामावर अवलंबून होती. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना गोळा केले आणि काय करायचे ते विचारले. कोणी म्हणाले जास्त लक्ष द्यायचे, कोणी म्हणाले चांगल्या सुया आणायच्या. दाराजवळ उभ्या असलेल्या मास्तरने हळूच फळीची रीत सांगितली. लाल आकार, मोडक्या सुईचे सगळे तुकडे, मोजणी होईपर्यंत कोणी उठायचे नाही.

"म्हणजे आम्ही काय कैदी आहोत का गं?" काजाच्या आजी कडाडल्या.

"तुम्ही नाही, आजी. मी होते," मास्तर म्हणाली. "म्हणून मला येतं."

मग अध्यक्षबाईंनी विचारले, "रंग किती लागेल?"

फळी तयार झाली. पहिला आठवडा बायकांनी मास्तरची भरपूर थट्टा केली. एकमेकींना पहारेकरीण म्हणून हाका मारल्या. पण 'माझी कात्री कोणी नेली?' या रोजच्या भांडणाचा निकाल लागला, तशा त्याच फळीवर लट्टू झाल्या. एकीने तर पेल्यांच्या फळीवर आपल्या पेल्याचा तळ लाल रंगाने गिरवून घेतला. मग काय, मास्तर सोडून सगळ्यांनीच गिरवून घेतले. आणि मी पुन्हा एका लाल आकारावर टांगली जाऊ लागले. फरक इतकाच की या वेळी तो आकार मास्तरने स्वतः काढला होता, कडीसकट.

तीन महिन्यांनी नवजात बाळांच्या सहाशे झबल्यांचे गठ्ठे बांधून झाले. खाली टेम्पो उभा होता. अध्यक्षबाई कागदपत्रे घेऊन आधीच रुग्णालयात गेल्या होत्या. मोजणीत एक मोडकी सुई निघाली. कागदावर तिचा अर्धा भाग होता, टोक नव्हते. सुई काजाच्या आजींच्या मशीनची होती.

"पडली असेल खाली. झाडून गेलं असेल," आजी म्हणाल्या. खाली टेम्पोवाला भोंगा वाजवत होता.

मास्तर गठ्ठ्यांवर जाऊन बसली. "मोजणी पूर्ण नाही," ती म्हणाली.

"अगं, पण तू कोण अडवणारी? सभासद तरी आहेस का?"

"नाही. टोक कुठे आहे ते दाखवा, मी लगेच उठते."

माल उशिरा गेला असता आणि टोक सापडले नसते, तर ते तीन शब्द तिला संध्याकाळीच ऐकावे लागले असते. पण ती उठली नाही. मग एकीने गठ्ठ्याची गाठ सोडली, दुसरीने दुसऱ्या गठ्ठ्याची. बायका झबली उजेडात धरून बोटांनी शिवणी चाचपू लागल्या. नववा गठ्ठा चालू असताना एका झबल्याच्या गळ्यापाशी, काजाच्या अगदी शेजारी, दुमडीत काहीतरी टोचले. मास्तरने माझ्या टोकाने दोन टाके उसवले. सुईचे टोक बाहेर आले. जिथे बाळाची हनुवटी टेकते, बरोबर तिथे ते बसले होते.

काजाच्या आजींनी ते टोक तळहातावर घेतले. बराच वेळ बघितले. मग स्वतः जाऊन कागदावर, अर्ध्या सुईला जोडून चिकटवले आणि आपल्या मशीनवर जाऊन बसल्या. टेम्पो दोन तास उशिरा गेला. माल मात्र पास झाला.

पुढच्या महिन्यात संस्थेची वार्षिक सभा होती. अध्यक्षबाई उठून म्हणाल्या, "नवव्या कलमाला अपवाद करून मास्तरला सभासद करून घ्यावं, असं मी सुचवते." माना डोलल्या. मला वाटले, झाले, गंगेत घोडे न्हाले! आणि तेवढ्यात मास्तर दाराजवळून म्हणाली, "मला अपवाद नको."

अगं बाई, घे ना मुकाट्याने! मी मनात ओरडले. माझे कोण ऐकणार?

"तुम्ही मला सुई सापडली म्हणून आत घेताय," मास्तर म्हणाली. "नसती सापडली तर? त्या दिवशी मी बरोबर होते, पण माझं नशीबही बरोबर होतं. मी सहा वर्षांची शिक्षा पूर्ण भोगली. त्यात सूट मागितली नाही. आता हक्क द्यायचा तर तोही सूट म्हणून देऊ नका. माझ्यामागून कोणीतरी येईल. तिला सुई सापडणार नाही, तिला फक्त चांगलं शिवता येत असेल. तिला तेवढ्यावर घ्या. बदलायचं तर कलम बदला. नाहीतर मी आहे इथे, दाराजवळ."

अपवादाला साधे बहुमत चालले असते. कलम बदलायला एकेचाळीसपैकी अठ्ठावीस हात लागणार होते. तिने हातातले सोडून पळत्याच्या पाठी लागायचे ठरवले, असे मला वाटले आणि माझी कडी थरथरली.

काजाच्या आजी उभ्या राहिल्या. "मी आधीच सांगते, मी हात वर करणार नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर काम करते, सोन्यासारखं करते. पण माझा मुलगा अजून लंगडतो. मला जमणार नाही."

"बरोबर आहे, आजी," मास्तर म्हणाली. "माझा दीर इथे असता तर त्यालाही जमलं नसतं."

संस्थेत हात मोजण्याचे काम वडीलधारी बाईचे. म्हणजे आजींचेच. जी विरोधात आहे तिनेच मोजायचे! त्या मधल्या वाटेने बोट नाचवत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "सत्तावीस." एक हात कमी होता. मास्तरने खाली बघितले. कोणालाच काही शंका नव्हती. अध्यक्षबाईंनी निकाल लिहायला पेन उचलले.

"थांबा," काजाच्या आजी म्हणाल्या. त्या पुन्हा मागे गेल्या. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड, एक बुटकी बाई हात वर करून बसली होती. तो हात दुसऱ्या कोणालाही दिसला नव्हता. आजींना नसता दिसला तरी चालले असते, कोणी विचारले नसते. त्यांनी त्या हाताला आपले बोट लावले आणि खणखणीत आवाजात सांगितले, "अठ्ठावीस. मोजणी पूर्ण."

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ कापड कापले आहे, पण त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नाही, मास्तरचाही आणि आजींचाही. सभासदांच्या वहीत मास्तरची सही झाली. तिला दाराजवळून उठवून मधल्या रांगेत बसवले. पुढचा विषय अगदी साधा होता, दुपारचा चहा चारला घ्यायचा की साडेतीनला. "साडेतीनला कोण तयार आहे?" अध्यक्षबाईंनी विचारले.

मास्तरने हात वर केले. दोन्ही. तळवे उघडे, बोटे पसरलेली, जशी ती सहा वर्षे रोज संध्याकाळी धरायची.

मोजत आलेल्या काजाच्या आजी तिच्यापाशी थांबल्या. "मास्तर, एक हात खाली घे," त्या म्हणाल्या. "मत एकच असतं." मग थोड्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण आहे हो तुझं."

कुठला हात खाली घ्यावा हे मास्तरला क्षणभर कळेना. ती हसू लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. चहा साडेतीनला ठरला. त्या संध्याकाळी तिने आपला पेला पुसला, फळीवर उपडा ठेवला आणि त्याच्या कडेने लाल रंग फिरवला.

आता संस्थेच्या दारावर एक पाटी आहे, 'आधी कापड, मग कागद'. गेल्या महिन्यात एक नवी बाई आली. उंबऱ्यातच घाईघाईने म्हणाली, "मी आधीच सांगते, मी दोन वर्षं आत..." जवळ काजाच्या आजीच बसल्या होत्या. त्यांनी तिच्यापुढे कापडाचा तुकडा सरकवला. "ते नंतर सांग. आधी काज घालून दाखव." काज थोडे वाकडे आले. आजींनी ते उसवून तिला पुन्हा घालायला लावले.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी कात्री तुमच्या हाती आली तर तिचा आकडा घासू नका. तो कुठून आला ते विचारा, ती सांगेल. पण विचारायच्या आधी तिच्यापुढे कापड ठेवा. वेळोवेळी धार लावा, स्क्रूमध्ये तेलाचा थेंब सोडा. आणि दिवस संपला की तिला तिच्या आकारावर टांगा. तिथे आता साखळी नाही. ती तिची जागा आहे.